नवेगाव बांधच्या पाण्याखाली

कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकात बांधलेला गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव बांधचा तलाव बहुतेक लोक पक्ष्यांसाठी पाहतात. आम्ही मात्र डिसेंबरात गेलो, ते पाण्याखालच्या वनस्पती पाहण्यासाठी. नागपूरहून रायपूरच्या महामार्गाने साकोलीपुढे कोहमाऱ्याला उजवीकडे वळावे.

पहिली दुपार वाया गेली. पाण्याची पारदर्शकता मोजण्यासाठी काळी-पांढरी रंगवलेली ताटली दोरीने सोडली; ती दिसेनाशी होते ती खोली मोजायची. पण वाऱ्याने पाणी हलत होते आणि तीन वेळा तीन निराळी मापे आली. तेव्हा मापे सकाळी, वारा सुटण्यापूर्वीच घ्यावीत, आणि तीही डोंग्याच्या सावलीच्या बाजूने.

दुसऱ्या दिवशी एका ढिवर (मासेमार) काकांनी डोंग्यातून फिरवले. पाळीपासून (बांधापासून) दूर, उथळ आणि घट्ट तळावर व्हॅलिस्नेरियाची फितीसारखी पाने एका दिशेने झुकली होती. मुळे रोवलेली आणि पाने लवचीक असल्यामुळे ती लाटांचा मारा सोसते. तिच्या मादी फुलाचा देठ फळधारणेनंतर स्प्रिंगसारखा वळून फळाला खाली ओढतो, तोही एके ठिकाणी दिसला. पुढे खोल पाण्यात, मऊ गाळावर हायड्रिला होती. तिला फार थोडा उजेड पुरतो आणि ती पृष्ठभागापर्यंत वाढून तेथे छत्री धरते, त्यामुळे तिच्याखाली इतरांना वाव उरत नाही. त्याही पलीकडे, जेथे तळापर्यंत प्रकाशच पोहोचत नाही, तेथे नुसता गाळ होता. सेराटोफायलमचे गणित निराळे: तिला मुळेच नाहीत, अन्नद्रव्ये ती थेट पाण्यातून घेते, म्हणून ती निवाऱ्याच्या खाचांत साचलेली सापडली. “हे वाऱ्यासंगं येते अन् वाऱ्यासंगंच जाते,” काका म्हणाले. (या सगळ्यांना सरसकट शेवाळ म्हणतात, पण तिन्ही सपुष्प वनस्पती आहेत.)

काठाजवळच्या पट्ट्यात काय उगवणार हे मात्र डिसेंबरात नव्हे, मे महिन्यात ठरते, असे माझे मत झाले. पाणी उतरून तळ उघडा पडला की वनस्पतींचा गाळावरचा भाग वाळतो आणि गाळात कंद राखून ठेवणारी हायड्रिला पावसाळ्यानंतर पुन्हा उगवते. जमल्यास एकाच जागी दोन्ही ऋतूंत जावे.

पावसाळ्यानंतर लगेच जाऊ नये, पाणी गढूळ असते. पाण्यावरची चकाकी कमी करणारा ध्रुवीकृत काचांचा चष्मा न्यावा, वनस्पती उपटू नयेत, छायाचित्रांवर भागवावे. डोंगा आणि प्रवेशाबद्दल वनखात्याकडे आधी विचारावे. परतताना दोरी आणि बूट तेथेच स्वच्छ करून वाळवावेत, कारण हायड्रिलाचा बोटभर तुकडाही दुसऱ्या तलावात रुजतो.