गच्चीवरचं हवामान केंद्र: लॅपटॉप बंद, पावसाची नोंद चालू

मंडळी, गेल्या पावसाळ्यापर्यंत माझं केंद्र एका जुन्या लॅपटॉपच्या जिवावर ऑनलाइन होतं. तो लॅपटॉप आता कपाटात गेलाय. त्याचं काम राऊटरशेजारी ठेवलेला एक ईएसपी३२ बोर्ड (वाय-फाय असलेला छोटा मायक्रोकंट्रोलर) करतोय. लॅपटॉप २५ वॅट खातो असं धरलं तर महिन्याला १८ युनिट होतात. बोर्डाला अर्धा वॅट धरा, महिन्याचं अर्धं युनिटही होत नाही. पण विजेच्या बिलापेक्षा मला दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. लॅपटॉप रात्री आपोआप अपडेट होऊन बंद पडला, तर पहाटेचा सगळा पाऊस नोंदीविना वाहून जातो, आणि आपल्याकडे मोठ्या सरी कितीदा तरी पहाटेच येतात.

आधी जागा सांगतो. ठाण्यात घोडबंदर रोडला, येऊरच्या डोंगराच्या बाजूला आमची सोसायटी आहे. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला एकही भोक पाडायचं नाही, या अटीवर कमिटीने परवानगी दिली. म्हणून रंगाच्या मोठ्या डब्यात काँक्रीट भरून त्यात जीआय पाइप उभा केला. पाइपवर टिपिंग बकेटचा पर्जन्यमापक (आत छोटी बादली भरली की कलंडते, प्रत्येक कलंडणं म्हणजे एक 'टिप'), खाली तापमान-आर्द्रतेचा सेन्सर आणि त्याभोवती कुंडीखाली ठेवतात त्या पांढऱ्या बशा एकावर एक रचून केलेलं कवच. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो, त्यामुळे सेन्सर स्लॅबपासून शक्य तितका वर घेतला. तरीही हे गच्चीचं तापमान आहे, ठाण्याचं नव्हे. केंद्राच्या माहितीत तसं लिहूनच ठेवलंय.

गच्चीवरचा बोर्ड वेगळा, घरातला वेगळा. गच्चीपर्यंत वाय-फाय नीट पोचत नाही, आणि पावसाळ्यात विजा चमकत असताना गच्चीवरून घरात लांब वायर आणणं मला पटत नाही. दोघांमध्ये लोरा आहे, म्हणजे कमी विजेत लांबवर पोचणारा रेडिओ, आपल्याकडे विनापरवाना वापरता येणाऱ्या ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. मधले स्लॅब तो आरामात ओलांडतो. गच्चीवरचा बोर्ड १८६५० सेल (पुन्हा चार्ज होणारा लिथियम सेल) आणि छोट्या सोलर पॅनेलवर चालतो. इथे एक गोष्ट जरूर बघा. नेहमीच्या डेव्हलपमेंट बोर्डावर यूएसबीची चिप आणि दिवा असतो. बोर्ड डीप स्लीपमध्ये, म्हणजे वीज वाचवणाऱ्या गाढ झोपेत, गेला तरी या दोघांमुळे दहाएक मिलिअँपिअर जात राहतात. म्हणजे दिवसाला २४० मिलिअँपिअर-तास. जुलैत आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा २५०० मिलिअँपिअर-तासांचा सेल दहा दिवसांत संपणार. झोपेत मायक्रोअँपिअरमध्ये चालणारा बोर्डच घ्या.

आता मुख्य भाग. अपलोड करणं सोपं आहे. वेदर अंडरग्राउंड या घरगुती केंद्रांच्या नोंदी दाखवणाऱ्या संकेतस्थळाला केंद्राचा आयडी आणि की घालून एक साधी एचटीटीपी विनंती पाठवायची, बस. तापमान फॅरनहाइटमध्ये, दाब पाऱ्याच्या इंचांत, पाऊस इंचांत, वेळ यूटीसीत (आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ). घरातला बोर्ड ही सगळी रूपांतरं करतो. माझा बहुतेक वेळ गेला तो नेट किंवा वीज नसताना पडलेला पाऊस कसा जपायचा यावर. आपल्याकडे जेव्हा पाऊस सर्वांत जास्त मोलाचा असतो, नेमकी तेव्हाच वीज जाते.

उपाय असा केला. गच्चीवरचा बोर्ड 'इतक्यात किती पाऊस पडला' हे कधीच पाठवत नाही. तो फक्त आतापर्यंतच्या एकूण टिप पाठवतो, आणि हा आकडा सतत वाढतच जातो. मधली दहा पॅकेट हरवली तरी अकराव्यात सगळा हिशेब येतो. प्रत्येक टिपेला बोर्ड जागा होतो, आकडा एकाने वाढवतो आणि एफरॅम चिपमध्ये (वीज गेली तरी आकडा जपणारी मेमरी) लिहून पुन्हा झोपतो. बोर्डाच्या स्वतःच्या आरटीसी मेमरीत ठेवलेला आकडा झोपेत टिकतो, पण सेल संपला की पुसला जातो. फ्लॅशच्या एका सेक्टरची पुसून लिहिण्याची मर्यादा साधारण लाखभर असते. एफरॅमला ती चिंता व्यवहारात नाहीच. घरातला बोर्ड दर पंधरा मिनिटांचा आकडा वेळेसह साठवतो आणि नेट परत आलं की राहिलेल्या नोंदी मूळ वेळेनिशी पाठवतो. राऊटर आणि हा बोर्ड, दोघंही १२ व्होल्टच्या छोट्या यूपीएसवर आहेत. बोर्डासाठी मध्ये ५ व्होल्टचा कन्व्हर्टर टाकलाय.

दिवसाची बेरीज मी दोन प्रकारे ठेवतो. वेदर अंडरग्राउंडचा दिवस मध्यरात्री बदलतो, तर भारतीय हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी ८:३० ला, म्हणजे यूटीसीच्या ०३:०० ला. ही दुसरी बेरीज नसेल तर सांताक्रूझ किंवा कुलाब्याच्या आकड्याशी आपला आकडा ताडून बघता येत नाही. २६ जुलै २००५ चा सांताक्रूझचा ९४४ मिमी हा आकडाही २७ तारखेच्या सकाळी ८:३० ला संपलेल्या चोवीस तासांचा आहे. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७४ मिमीच्या आसपास नोंद झाली. एकाच शहरात एवढी तफावत पडू शकते, म्हणून प्रत्येक वस्तीत एक तरी नीट तपासलेला पर्जन्यमापक असावा असं मला मनापासून वाटतं. खाडीपलीकडे कळव्याला एका मित्राने असाच संच उभा केलाय. आमचे पंधरा मिनिटांचे आलेख शेजारी ठेवले की सर कुठे बरसली आणि कुठे नुसती गडगडून गेली ते स्वच्छ दिसतं.

नीट तपासलेला म्हणजे काय, तेही सांगतो. माझ्या मापकाचं तोंड ११ बाय ५ सेंमी आहे, म्हणजे ५५ चौरस सेंमी. एका टिपेला ०.२७९४ मिमी. १०० मिली पाणी सोडलं तर १८.१८ मिमी पाऊस, म्हणजे ६५ टिप यायला हव्यात. पाणी सोडायला मेडिकलमध्ये मिळणारा सलाइनचा सेट वापरा, त्याच्या चाकाने धार हवी तशी धरता येते. १०० मिली तासाभरात सोडलं की तासाला १८ मिमीचा पाऊस होतो, दहा मिनिटांत सोडलं की १०९ मिमीचा. सावकाश धारेला आकडा बरोबर येतो, जोराच्या धारेला टिप कमी पडतात, कारण बादली कलंडत असताना येणारं पाणी मोजलंच जात नाही. कोकणच्या पावसात हा फरक सोडून देण्यासारखा नाही. म्हणून वेगवेगळ्या धारांना तपासून, दोन टिपांमधला वेळ जितका कमी तितका गुणक जास्त, असा तक्ता घरातल्या बोर्डात घातलाय. मूळ टिपांचा आकडा मात्र जसाच्या तसा साठवतो. पुढे गुणक सुधारला तर जुन्या नोंदी पुन्हा काढता येतील.

दाबाचा आलेख हा या छंदातला माझा सर्वांत आवडता भाग. बीएमई२८० सारख्या, दाब, तापमान आणि आर्द्रता मोजणाऱ्या स्वस्त सेन्सरवरसुद्धा हवेची रोजची भरती-ओहोटी दिसते. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास दाब वर, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास खाली. हिवाळ्यात ही लाट इतकी नेटकी येते की बघत राहावं. दाबाचा आकडा समुद्रसपाटीच्या हिशेबात आणताना दर आठ मीटर उंचीला साधारण एक हेक्टोपास्कल मिळवा. आर्द्रतेला मात्र बीएमई२८० पावसाळ्यात पुरा पडत नाही, ओला झाला की शंभराला चिकटून बसतो. त्या जागी आता एसएचटी३१ हा तापमान-आर्द्रतेचा सेन्सर लावलाय. त्याच्यात छोटा हीटर असतो, तो अधूनमधून चालवून सेन्सर सुकवता येतो.

कबुतरांसाठी पर्जन्यमापकाच्या काठाभोवती केबल टाय उभे बांधलेत. पीस आणि विष्ठेने नळीचं तोंड बुजतं, म्हणून जाळी लावली तरी दर आठवड्याला एकदा हात फिरवावा लागतोच.

ज्यांना सोल्डरिंग करायचं नाही, त्यांनी वाय-फाय गेटवे असलेलं तयार केंद्र घ्यावं. तेही संगणकाशिवाय थेट अपलोड करतं. राऊटरचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा चालू आहे ना, तेवढं आधी बघा. नेट गेल्यावर गेटवे नोंदी साठवतो की नाही, हे दुकानदाराला जरूर विचारा.

पुढचं काम वाऱ्याचं. कपांचा वेगमापक माझ्याकडे आहे. फिरताना त्याचा स्विच टिचक्या देतो, सेकंदाला एक टिचकी म्हणजे ताशी २.४ किमी. प्रमाण उंची मोकळ्या जमिनीवर १० मीटर, आणि आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या, बाजूला टॉवर. त्यामुळे वाऱ्याचा आकडा सध्या स्वतःपुरता ठेवणार, ऑनलाइन देणार नाही. खरी अडचण झोपेची आहे. वाऱ्याचा झोत पकडायचा तर टिचक्या सतत मोजायला हव्यात, आणि मुख्य प्रोसेसर जागा ठेवला तर सेल पुरणार नाही. ईएसपी३२ मधला यूएलपी, म्हणजे अगदी कमी विजेवर चालणारा छोटा प्रोसेसर, झोपेतही टिचक्या मोजू शकतो, त्याचा कोड दसऱ्यानंतर लिहायला घेतोय. कोणी यूएलपीवर वेगमापक चालवत असेल, तर दिवसाला किती मिलिअँपिअर-तास जातात ते कळवा, म्हणजे पॅनेल बदलायचं की नाही ते ठरवता येईल.