गादीची घडी

मंगळवार, रात्र. निशी-कसाई, टोकियो.

संध्याकाळी हाकोनेहून, म्हणजे डोंगरातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावाहून, परतलो. तिथे जुन्या जपानी पद्धतीच्या हॉटेलात उतरलो होतो. सगळं छान झालं. फोटोही छान आलेत. पण डोक्यातून ती गादी काही जात नाही.

तिथे खोलीत पलंग नसतोच. तातामीवर, म्हणजे गवती चटयांच्या जमिनीवर, गाद्या घालतात. आम्ही रात्री जेवून येईपर्यंत कुणीतरी घालून ठेवल्या होत्या, पांढऱ्याशुभ्र, एक सुरकुती नाही. सकाळी नेहमीसारखी साडेचारला जाग आली. धाकटा पलीकडच्या खोलीत घोरत होता. नुसतं बसून काय करायचं, म्हणून गादीची तिघडी केली, कोपऱ्याला कोपरा जुळवून रजई दुमडली, उशी वर ठेवली आणि सगळं भिंतीतल्या कपाटात लावून टाकलं. बरं वाटलं. नाश्त्याला बसलो तर चष्मा खोलीतच राहिलेला. आणायला गेले, तर आमच्या नाकाईबाईंनी (खोलीचं सगळं बघणारी बाई, तिला नाकाई म्हणतात, सत्तरीच्या तरी असतील) माझी घडी बाहेर काढून उलगडली होती. गुडघ्यांवर बसून चादर सोडवत होत्या. गादीवर मधेमधे तळहात दाबून बघत होत्या, आपण वाळत घातलेले पापड दाबून बघतो तसं. मला बघून दचकल्या, खूप वाकल्या, ‘सुमिमासेन’ म्हणाल्या. लगेच ‘आरिगातो गोझाइमास’ही म्हणाल्या.

माफीही आणि आभारही. म्हणजे नक्की काय म्हणायचं होतं?

धाकटा हसला. “आई, त्यांना चादरी काढायच्या असतात, गादीला हवा लागू द्यायची असते, कुणाचं काही राहिलंय का बघायचं असतं. गाद्या तशाच टाकून यायचं असतं गं. तू उलट काम वाढवलंस त्यांचं.”

काम वाढवलंस. तिथपासून अडकले आहे मी.

आल्यापासूनच मला अवघडल्यासारखं होत होतं. माझ्याहून मोठी बाई, तिने माझी बॅग उचलायची? दार सरकवायचं तेही गुडघे टेकून, दोन्ही हातांनी. चहा ठेवायचा, वाकायचं, पाठ न दाखवता मागे सरकायचं. मी दर वेळी अर्धी उठायचे आणि त्या अजून वाकायच्या. आपलं अंथरूण कुणी घातलंय, असं माझ्या आयुष्यात झालं ते दोन बाळंतपणांत. त्यानंतर घालायचं आणि काढायचं आपणच. ह्यांच्या शेवटच्या तीन महिन्यांत तर दिवसातून चारदा. असो.

तर माणशी साठ हजार येन, म्हणजे तेहेतीसेक हजार रुपये मोजूनही मला पाहुणी होता आलं नाही. (आकडा धाकट्याने सांगितला नव्हता. मी बिल बघितलं. तिथे खोलीचं नाही, डोक्यावर भाडं लावतात, दोन्ही जेवणं धरून.) जेवण मात्र काय सांगू! शाकाहारी म्हणून आधीच कळवलं होतं, कारण त्यांच्या साध्या सारातसुद्धा माशाचा अर्क असतो. माझ्यासाठी समुद्रशेवाळ आणि वाळवलेल्या आळंब्यांवर केलं. सोयाबीनच्या दुधावरची साय काढतात, युबा म्हणतात तिला. अगदी आपल्या सायीसारखी, काठीवर उचललेली. ती खाताना क्षणभर उठायचं विसरले होते.

आणि आंघोळ. मी जाणारच नव्हते. सगळ्या बायकांत अंगावर सूत नाही, ह्या वयात! पण पहाटे पाच वाजता कोण असणार, म्हणून गेले. आत बघते तर बुटका लाकडी पाट आणि बादली. आमच्या आजोळची मोरीच! आधी पाटावर बसून घासूनपुसून अंघोळ करायची आणि मग, स्वच्छ झाल्यावर, पाण्यात बसायचं. लहानपणी राजापूरजवळ उन्हाळे गावच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर जायचो, तिथे खरजेची पोरं सरळ पाण्यात. इथे हातातला छोटा पंचासुद्धा पाण्याला लावायचा नाही, डोक्यावर ठेवायचा. दोन बायका होत्या. एकीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. इतकी वर्षं उगाच पोट आत ओढत होते.

ओवाकुदानीला वाफांच्या दरीत गंधकाच्या पाण्यात उकडलेली काळीकुट्ट अंडी मिळतात. एक खाल्लं की आयुष्य सात वर्षांनी वाढतं म्हणे. धाकट्याने दोन खाल्ली. मी अंडं खात नाही. आणि अजून सात वर्षं काय करायचंय, घड्या घालायच्या?

निघताना नाकाईबाई आणि आणखी दोघी दाराशी उभ्या राहिल्या. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत होत्या. मी मागे वळून हात जोडले. नाकाईबाईंनी हात खाली घेतला आणि पुन्हा वाकल्या. मनात म्हटलं, बाई, पुरे आता, कंबर धरेल.

आत्ता हे लिहिताना स्वयंपाकघरातून नळाचा आवाज येतोय. मघाशी मी घासून पालथं घातलेलं पातेलं सूनबाई परत घासतेय. रोज घासते, मला दिसणार नाही अशा बेताने. मला दिसतं. (हाकोनेला ती आली नाही. रजा नव्हती म्हणाली.) आजवर मला वाटायचं, माझ्या हाताचं तिला चालत नाही. पण मला कुठे तिच्या घरातलं पातेलं घासायला सांगितलं होतं कुणी? नाकाईबाई निदान सुमिमासेन तरी म्हणाल्या. हिने तसं म्हटलं तर मी घाबरेनच.

नळ बंद झाला.

बुधवार, सकाळ.

पावणेपाचला उठले. चहा केला, एकच कप. माझा. ओट्यावर रात्रीचे दोन चमचे पडलेत, पडू देत.

आठ वाजले. अंथरूण तसंच आहे, रजई अर्धी जमिनीवर. हात शिवशिवतायत.