निरंक

मार्च २०२४ मध्ये, लोकसभेच्या उमेदवारी अर्जांच्या दिवसांत, मला एक वाईट खोड लागली. रात्री जेवण झालं की मोबाइल घेऊन उमेदवारांची शपथपत्रं वाचत बसायचं. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ती कुणालाही उघडता येतात. पॅन, मागच्या पाच वर्षांचं उत्पन्न, अंगावरचे खटले, आणि मग खरी मेजवानी: जंगम मालमत्ता, स्थावर मालमत्ता, दायित्वं. आमच्या नागपूरच्या प्रतापनगरात शेजाऱ्याने नवी गाडी घेतली तर ती कर्जाची की रोखीची, हे कळायला सहा महिने लागतात. इथे मात्र अख्खं कपाट उघडं.

ही सोय काही राजकीय पक्षांनी आपणहून केलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ ला सांगितलं, की उमेदवाराची मालमत्ता जाणून घ्यायचा मतदाराला हक्क आहे. त्यावर एरवी एकमेकांची तोंडं न पाहणारे सगळे पक्ष अगदी भावासारखे एकत्र आले आणि कायदाच बदलून मोकळे झाले. मार्च २००३ मध्ये न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली, तेव्हापासून आपण हे नमुना २६ चं शपथपत्र वाचतो आहोत. खोटं लिहिलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद. त्या भीतीने किती जणांची झोप उडते, देव जाणे.

वाचता वाचता लक्षात आलं, की कोटींचे आकडे डोक्यात शिरतच नाहीत. दहा कोटी आणि शंभर कोटी यांत मला तरी काही फरक जाणवत नाही, दोन्ही सारखेच लांब. कळतात ते बारके रकाने. हातची रोख, म्हणजे घरात नोटा किती. कुणाकडे गोल गरगरीत पन्नास हजार, तर कुणाकडे रुपयाच्या शेवटच्या आकड्यापर्यंत मोजलेले, जणू सही करण्यापूर्वी खिसे उलटे करून पाहिले. मग दागिने, ग्रॅममध्ये वजन आणि शेजारी किंमत, पत्नीचे वेगळे. आणि या सगळ्या रकान्यांमधून फिरणारा एक शब्द, निरंक, म्हणजे काहीच नाही.

पूर्वी उमेदवार अडचणीचा रकाना सरळ कोरा सोडत. २०१३ मध्ये न्यायालयाने तेही बंद केलं. काही नसेल तर नाही असं लिहा, पण लिहा. तेव्हापासून निरंकला बरकत आली. कोट्यधीश माणूस, पण वाहन: निरंक. बिचारा प्रचाराला पायी फिरत असणार.

सरासरीचं तर विचारूच नका. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था दर निवडणुकीनंतर या शपथपत्रांची बेरीज मांडते. २००९ च्या लोकसभेत निवडून आलेल्यांपैकी ५८ टक्के कोट्यधीश होते, २०२४ मध्ये ९३ टक्के, म्हणजे ५४३ पैकी ५०४. सरासरी मालमत्ता ४६ कोटी ३४ लाख. आता खासदाराचा पगार एप्रिल २०२३ पासून महिना एक लाख २४ हजार. मी हिशोब केला: भत्ते सोडले आणि चहासुद्धा न पिता पगार साठवला, तर सरासरी खासदार व्हायला ३११ वर्षं लागतात. म्हणजे शिवाजी महाराजांचं नातवंड गादीवर होतं तेव्हापासून सुरुवात करायला हवी होती.

पण ही सरासरीही तशी फसवीच. गुंटूरचे चंद्रशेखर पेम्मासानी यांचे ५,७०५ कोटी, चेवेल्लाचे विश्वेश्वर रेड्डी यांचे ४,५६८, कुरुक्षेत्रचे नवीन जिंदल यांचे १,२४१. या तिघांचेच मिळून साडेअकरा हजार कोटी होतात. सगळ्या सभागृहाच्या बेरजेत हे तीन सदस्य जवळजवळ निम्मे! त्याच सभागृहात पुरुलियाचे ज्योतिर्मय सिंह महातो सहा लाखांच्या आत मालमत्ता घेऊन बसलेले आहेत. पंगतीत एकाच्या ताटात अख्खा हंडा आणि दुसऱ्याच्या ताटात लिंबाची फोड, आणि वाढपी सांगतो, सरासरी अर्धा हंडा प्रत्येकाला.

लांब कशाला जा. आमच्या सावनेरच्या पुढे सौंसर ओलांडलं की छिंदवाडा. २०१९ मध्ये निवडून आलेल्या खासदारांत सर्वांत श्रीमंत होते तिथले नकुलनाथ, ६६० कोटी. २०२४ मध्ये त्यांनी ७१६ कोटी दाखवले आणि ते हरले. नागपूर आणि छिंदवाडा, दोन्हीकडे मतदान एकाच दिवशी, १९ एप्रिलला. छिंदवाड्याची माणसं दवाखान्यासाठी आमच्याकडे येतात, धंतोलीत कुठल्याही डॉक्टरकडे बाहेरच्या बाकावर विचारा. एवढा पैसेवाला खासदार असून बाक आमचाच.

असो. एका रविवारी मला वाटलं, लोकांचं इतकं वाचतो, आपलंही एकदा भरून पाहावं. नमुना २६ ची छापील प्रत काढली, डायनिंग टेबलावर पसरली. हातची रोख: १,३४०. बचत खातं, पीपीएफ, विम्याची पॉलिसी. वाहन: स्कूटर, २०११ चं मॉडेल. किंमत काय लिहावी ते कळेना. भंगारवाल्याने सांगितलेली लिहिली तर स्कूटरचा अपमान, मनातली लिहिली तर सहा महिने कैद.

मग पत्नीचा रकाना. "तुझं सोनं किती ग्रॅम आहे?"

कणीक मळणारे हात थांबले. "कशाला?"

"फॉर्म आहे."

"कुठला फॉर्म? बँकेचा? काही गहाण ठेवताय का?" लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण हा प्रश्न मी पहिल्यांदाच विचारला होता, आणि का विचारला नव्हता तेही लगेच कळलं. शेवटी मी निरंक या शब्दाचा अर्थ समजावून सांगितला. तिला शब्द फार आवडला. "मग माझ्यापुढे तेच लिहा," ती म्हणाली. आई आतून ओरडली, "माझ्यापुढेही." आईच्या पाटल्या मला माहीत आहेत. त्या इतवारीच्या सराफ्यातून कुणी कधी आणल्या, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. पण लिहिलं, निरंक.

घराचं सोपं वाटलं होतं. वडिलांनी १९८२ मध्ये चौदा हजारांत प्लॉट घेतला. पण रकाना विचारतो, अंदाजे सध्याची बाजार किंमत. कोपऱ्यावरच्या दलालाला फोन केला, त्याने आकडा सांगितला आणि मी दोन मिनिटं गप्प. छताची गळती तशीच, बाथरूमचा नळ तसाच, आणि मी कागदावर कोट्यधीश. कोट्यधीश खासदारांमधले काही जण असेही असतील, हा विचार तेव्हा पहिल्यांदा मनात आला. त्यांच्याबद्दलची माझी भाषा त्या दिवसापासून जरा मवाळ झाली.

राहिली काटोलची शेती. आजोबांची, सातबारावर अकरा नावं, त्यात एक माझं. गट नंबर, क्षेत्र, वारसाहक्काने की खरेदी, सगळं हवं होतं. बाळूभाऊला फोन लावला. शेती तोच पाहतो, संत्र्याची झाडं त्यानेच जगवली.

"भाऊ, आपला गट नंबर काय? आणि माझ्या वाट्याला किती येते?"

पलीकडे इतकी शांतता, की मोटारपंपाचा आवाज ऐकू आला. "तुले कायले पाहिजे?"

"फॉर्म भरायचा आहे."

"कायचा फॉर्म?" मी निवडणुकीचं शपथपत्र म्हणालो आणि रेंज गेली.

पुढच्या रविवारी सकाळी तो दारात हजर. एका हातात मृग बहाराच्या उरल्यासुरल्या संत्र्यांची पिशवी, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये सातबारा. तर्री पोहे आणले, त्याने अर्धे खाल्ले. पावसाचं झालं, संत्र्यावरच्या कोळशी रोगाचं झालं, पोरीच्या परीक्षेचं झालं. फोल्डर मांडीवरून हलला नाही. वाटणी मागायची नाही, असं मी दोनदा सांगून पाहिलं. तो दोनदा "हाव" म्हणाला, पण ते हाव काही खरं नव्हतं.

तासाभराने उठला. फोल्डर माझ्या हातात दिला, माझं नाव होतं तिथे पेनाने बारीक खूण केलेली. दारात चपला घालता घालता आवाज उतरवून म्हणाला, "अनामत किती लागते बे?"

"पंचवीस हजार."

"बाप्पा." तो जिना अर्धा उतरला, थांबला, पुन्हा दोन पायऱ्या वर आला. "पैशाचं पाहू आपण. पण पक्ष कोणता?"