तुम्ही विचारलंत म्हणून: कोणती वीट काढली की भिंत पडते?

"सर, शास्त्रज्ञच मत बदलतात, तर आम्ही आज हे पाठ काहून करायचं?" भूगर्भशास्त्र शिकवायचो तेव्हा दर वर्षी एक तरी पोरगा हे विचारायचा. निवृत्त झालो, तरी प्रश्न पाठ सोडत नाही. परवा सीताबर्डीला भाजी घेताना एका जुन्या विद्यार्थ्यानं त्याच्या मुलीसाठी म्हणून तोच विचारला. पूर्वी मी 'विज्ञान असंच पुढे जातं' वगैरे सांगायचो. त्यानं कुणाचं समाधान होत नसे, माझंही नाही. आता मी कामठीचं पान काढतो.

कामठीच्या वालुकाश्मात जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे सापडतात, ग्लॉसोप्टेरिस नावाच्या, आता नामशेष झालेल्या झाडाचे. ज्यांच्या नावाचं आपलं हिस्लॉप कॉलेज आहे त्या स्टीफन हिस्लॉप यांनी नागपूरच्या आसपासचे असे ठसे गोळा केले, आणि १८६१ साली बनबरी या इंग्रज वनस्पती-अभ्यासकानं त्यांचं वर्णन छापलं. तेच झाड आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, दक्षिण अमेरिकेत, पार अंटार्क्टिकातही. मध्ये एवढा समुद्र, मग हे गेलं कसं?

जुनं उत्तर होतं, जमिनीचे पूल. खंडांमध्ये जमीन होती, ती पुढे बुडाली. नवा जीवाश्म सापडला की नवा पूल. पंचाईत एवढीच, की खंडांचा खडक हलका आणि समुद्रतळाचा जड. हलकं जडात बुडेल कसं?

१९१२ साली जर्मन शास्त्रज्ञ वेगेनर म्हणाले, पूल नव्हतेच, खंडच सरकलेत. कशानं सरकले? पृथ्वीचं फिरणं, भरती-ओहोटी, अशी कारणं त्यांनी दिली. हिशेब मांडला तर ते जोर अगदीच किरकोळ निघाले. विद्वान हसले, आणि कारणापुरतं त्यांचं हसणं बरोबरच होतं.

वर्गात मी या दोन्ही मांडण्या फळ्यावर चौकटी आणि बाण काढून दाखवायचो. कोणती गोष्ट कशावर उभी आहे, एवढंच. मग डस्टर पोरांच्या हातात. पुलांच्या मांडणीतून 'जमीन बुडू शकते' पुसलं की सगळंच खाली. वेगेनरच्या मांडणीतून 'भरती-ओहोटीचा जोर' पुसला तर? किनारे जुळतात, खडक जुळतात, चंद्रपूर जिल्ह्यातल्या इरईला हिमनदीनं घासलेला खडक तसाच पडून आहे, म्हणजे ही तापती जमीन कधीतरी ध्रुवाकडे होती. कारण चुकलं, पण त्या कारणावर काही उभंच नव्हतं. १९६०च्या दशकात समुद्रतळ पसरत असल्याचे पुरावे मिळाले आणि त्या रिकाम्या चौकटीत नवं कारण बसलं. बाकी भिंत हलली नाही.

खरी गंमत काटोलच्या एका पोरानं केली. म्हणाला, "सर, पानच पुसून पाहू." पुसलं. वेगेनरची मांडणी जरा बारीक झाली, पण उभी राहिली. पूल मात्र अधांतरी! जे कोडं सोडवायला त्यांना आणलं, त्या कोड्याशिवाय त्यांना दुसरा आधारच नव्हता. हे इतकी वर्षं शिकवून माझ्या लक्षात आलं नव्हतं. तेव्हापासून कुणी छातीठोक सिद्धांत सांगितला, मग तो हवामानाचा असो की शेजारच्या भांडणाचा, की मी आधी हेच बघतो: ज्यासाठी रचला ते बाजूला ठेवलं, तर याला दुसरीकडून कुणी धरतंय का?

त्या पोराची घरी संत्र्याची बाग. हिवाळ्यातला आंबिया बहार सोडून पावसाच्या तोंडचा मृग बहारच का धरायचा, यावर बापाची सगळी कारणं त्यानं कागदावर मांडली. पाणी, भाव, माती, एकेका कारणाचा बाण फिरून फिरून एकाच चौकटीत शिरला: 'आबाजी घेत होते.' मोठ्या तोऱ्यात त्यानं तो कागद बापापुढे धरला.

बापानं पाहिला, घडी घालून खिशात ठेवला. म्हणाला, "मंग? पडली का बाग?"