गादा की भुलगा?

जुलैतली सकाळ, देवगड तालुक्यातला किनारा. फोनवर निरोप एवढाच: 'डॉल्फिन लागलाय.' 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, पण वारा किनाऱ्याकडे असल्याने समुद्रात मेलेलं याच दिवसांत वाळूवर येतं. आम्ही पोचलो तेव्हा जेसीबी खड्डा खणत होता. ही घाई मला अजूनही खटकते. मोजमापाला फार तर तासभर लागतो.

कलेवर काळं पडलेलं, कातडी सोलवटलेली. पाठीचा बराचसा भाग कुत्र्यांनी खाल्लेला, वरचा जबडा तुटलेला. लांबी वरच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत सरळ रेषेत घ्यायची. फुगलेल्या पोटावरून टेप नेली की आकडा खोटा येतो. इथे टोकच नव्हतं, म्हणून 1.35 मीटरपुढे 'अंदाजे' लिहिलं. अडचण तिथेच होती. एवढं गाद्याचं, म्हणजे हम्पबॅक डॉल्फिनचं, पिल्लू असू शकतं आणि पूर्ण वाढलेला भुलगाही, म्हणजे फिनलेस पॉरपॉइज, डॉल्फिनचा छोटा भाईबंद.

सोबतच्या कर्मचाऱ्याने रकान्यात 'डॉल्फिन' लिहूनही टाकलं होतं. कडेला उभे असलेले एक म्हातारे रापणकर, किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणारे कोळी, पुढे आले, पाठीच्या उरलेल्या कातडीवर बोट फिरवून म्हणाले, "ह्यो गादो नाय, भुलगो." मीही बोट फिरवलं. बारीक, खरबरीत दाण्यांचा पट्टा. भुलग्याला पाठीवर पर नसतो, हा पट्टा असतो.

खात्री दातांनी केली. खालच्या जबड्याची डावी बाजू शाबूत होती. गाद्याचे दात सुळ्यासारखे टोकदार. हे चपटे, फावड्याच्या पात्यासारखे. मधले दोन दात वयासाठी काढले, कातडीचा तुकडा अल्कोहोलमध्ये घातला. हातमोजे आणि मास्क न घालता हे कुणी करू नये, माणसाला लागणारे जंतू यात असू शकतात. जाळ्याचे वळ परांच्या पुढच्या कडेवर शोधले, पण कातडी गेली की ते आधी जातात. मरणाचं कारण 'अनिश्चित' असंच लिहावं लागलं.

आययूसीएनच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या, लाल यादीत गादा संकटग्रस्त, भुलगा त्याच्या एक पायरी खाली, असुरक्षित. दोघेही उथळ पाण्यातले, दोघांनाही मोठा धोका गिलनेटचा, म्हणजे कल्ल्यांशी मासा अडकवणाऱ्या जाळ्यांचा. त्या एका पायरीवर मी फार विसंबत नाही. गादा होडीतून दिसतो, पाठीच्या उंचवट्यावरून ओळखता येतो. भुलगा उड्या मारत नाही, श्वासापुरता वर येऊन जातो. त्याचे आवाज 100 किलोहर्ट्झच्याही वरचे, साध्या हायड्रोफोनला, म्हणजे पाण्याखालच्या मायक्रोफोनला, ते सापडतच नाहीत. त्याची माहिती मिळते ती मुख्यतः अशा कलेवरांतून, आणि तीच आपण न बघता पुरतो.

दुसऱ्या दिवशी जुन्या नोंदी काढल्या. दीड मीटरच्या आतले 'डॉल्फिन' बरेच होते. फोटो सगळे लांबून, एकाच बाजूने घेतलेले. जबडा उघडून काढलेला एकही नाही.