मिरकरवाड्यात समुद्रबर्फाचे पहिले धडे

जानेवारीत एम.एस्सी.च्या पाच विद्यार्थ्यांना घेऊन दोन दिवस रत्नागिरीला होतो. पाचही जण वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडे डोळे लावून बसलेले, पण समुद्रबर्फ फक्त फोटोत पाहिलेला.

मिरकरवाडा बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात आधीच परवानगी काढली होती. फळ्या उचलल्या की खाली मिठाच्या पाण्याची टाकी आणि तिच्यात उभे गोड्या पाण्याचे डबे. डब्यातलं पाणी गोठतं, भोवतालचं त्याहून थंड असूनही वाहतं राहतं. लादीच्या मधोमध दुधट पट्टा दिसला. कामगार म्हणाला, "सर, सगळा कचरा मधे ढकलला जातो, कडेचा बर्फ काचेसारखा." समुद्राचं पाणी साधारण उणे १.८ अंशाला गोठताना मीठ असंच बाहेर पडतं; फक्त तिथे थोडं खारं पाणी बर्फातल्या बारीक नळ्यांत अडकून राहतं.

ते पाहायला मासळीच्या थर्माकोल खोक्यात समुद्राचं पाणी भरून, झाकण न लावता शेजारच्या उणे १८ अंशांच्या शीतगृहात रात्रभर ठेवलं. पहिलं खोकं फुटलं. वर बर्फ धरला की खालच्या पाण्याला जागा उरत नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मालकांची बोलणी खाल्ली ती रास्तच. तुम्ही करणार असाल तर तळातून एक नळी बाहेर काढा आणि तिचं तोंड डब्यात सोडा.

दुसऱ्या खोक्यात चार बोटं जाडीचा थर मिळाला. एकीने तो कौतुकाने उचलून उन्हात धरला, आणि टपटप खारं पाणी गळून गेलं. नमुना वाया! ध्रुवावरही बर्फाचा गाभा (बर्फात भोक पाडून काढलेला लांब दंडगोल नमुना) बाहेर काढल्याबरोबर आधी ठरावीक अंतरावर छिद्रं पाडून तापमान घेतात, मग कापून तुकडे डब्यात बंद करतात. माझ्या मते थंडी सोसण्यापेक्षा ही घाई अंगवळणी पडणं जास्त गरजेचं. उरलेला तुकडा वितळवून कोळंबीवाल्याकडून मागून आणलेल्या रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे पाण्याचा खारेपणा मोजायच्या यंत्रावर, पाहिला: क्षारता (हजार भागांत मिठाचे भाग) १२, खोक्यातल्या पाण्याची ४०. मूळ पाणी होतं ३५.

जाणाऱ्यांनी सकाळी बर्फ भरायची गर्दी असते तेव्हा मध्ये लुडबुडू नये, दुपारी जावं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा कारखान्यात काही दिसणार नाही. गमबूट हवेतच. अमोनियाचा वास आला की प्रश्न न विचारता बाहेर पडा. आणि नमुन्यांवर पेन्सिलनेच लिहा. आमची बॉलपेनं शीतगृहात पाच मिनिटांत बंद पडली.