दर्शन नव्हे, मिस्सा

कोविडच्या निर्बंधांमुळे ५ जुलैपासून कर्नाटकात प्रार्थनास्थळं ‘फक्त दर्शनासाठी’ उघडी होती. आता चर्चमध्ये दर्शन कसलं घ्यायचं, सांगा! आज, २५ जुलै २०२१ला, रीतसर उपासनेला मोकळीक मिळाली आणि आम्ही बेळगाव कॅम्पात पावसातच मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेला, गेलो. एका बाकावर दोघंच, ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर) हातावर, शांतीचा नमस्कार लांबूनच. गाणी मात्र मास्कमधूनही बेसूर ती बेसूरच. तरी मोबाईलवरच्या मिस्सेत मधेच कुकर शिट्टी मारायचा, त्यापेक्षा शंभर पटीनं बरं.

मागच्या बाकावरच्या आजी दिसल्या नाहीत. शेजारी विचारायचा धीर होईना. मग फादरांनी गेलेल्यांची नावं वाचली. त्यांचंही होतं.

खानापूरकडचे काही जण पुरामुळे आलेच नाहीत. त्यांच्याकडे तांदूळ, चादरी पाठवायचं दारातच ठरलं. आमच्याकडून पाच किलो.